परळचे वकील आणि एक हरलेली केस

प्रभादेवी स्टेशनचा पूल ओलांडला की परळ. तिथला दामोदर हॉल आपल्याला नाटकांमुळे माहीत आहे. पण शंभर वर्षांपूर्वी तिथे एका बॅरिस्टरचं ऑफिस होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं.

१९२३ साली ते लंडनहून परतले. कोलंबियाचं शिक्षण, ग्रेज इनची बॅरिस्टरी. तरी सनद काढायला मित्र नवल भथेना यांची मदत घ्यावी लागली. सनद मिळाली, पण केसेस? तेव्हा हायकोर्टाच्या मूळ शाखेत पक्षकार थेट बॅरिस्टरकडे जात नसे. आधी सॉलिसिटर, मग तो ठरवणार काम कुणाला द्यायचं. आणि अस्पृश्य बॅरिस्टरला काम देणार कोण? म्हणून मग जिल्हा कोर्टातली कामं, आणि घर चालवायला १९२५ पासून बाटलीबॉयच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवणं. १९२६ मध्ये पुण्यात त्यांनी ‘देशाचे दुश्मन’ पुस्तकाच्या खटल्यात जेधे-जवळकरांना सोडवलं. तेव्हा नाव झालं.

पण मला सांगायचंय ते १९३४ बद्दल.

गिरगावात र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढायचे. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली होती, आणि अश्लीलतेसाठी एकदा दंडही झाला होता. आता पुन्हा खटला! कारण काय, तर लैंगिक विषयावरच्या वाचकांच्या प्रश्नांना मासिकात दिलेली उत्तरं. आज आपण असले प्रश्न रात्री गुपचूप मोबाइलला विचारतो. तेव्हा लोक कर्व्यांना पत्र लिहायचे.

बाबासाहेब नुकतेच गोलमेज परिषदा गाजवून आलेले. आधीच विरोधक काय कमी होते? तरी ते उभे राहिले. त्यांच्या म्हणण्याचा गाभा साधा होता: लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही. लोकांच्या मनात विकृती आहे असं वाटत असेल, तर ती ज्ञानानेच जाईल, गप्प बसवून नाही.

कोर्टाला पटलं नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड.

बाबासाहेबांनी तो विषय सोडला मात्र नाही. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेबांच्या वतीने तो रोहम यांनी मांडला. तोही पडला. आणि ‘समाजस्वास्थ्य’? ते कर्वे १९५३ मध्ये जाईपर्यंत निघतच राहिलं.