कापसाचा भाव आणि शेअरचा कागद



दिवाळीच्या आधी आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकीने फोनवर आलेला निरोप वाचून दाखवला. 'शेअर बाजारात पैसे लावा, तीन महिन्यांत दुप्पट.' गटाकडे तेव्हा वाटपाची रक्कम जमलेली होती. दोघी-तिघी म्हणाल्या, लावून बघू. बाकीच्या म्हणाल्या, आधी शेअर म्हणजे काय ते तरी समजून घेऊ. म्हणून आज आपण एक जुनी गोष्ट ऐकू. ती मुंबईची आहे, तशीच आपल्या शेतातल्या कापसाचीही आहे.

आधी शेअर म्हणजे काय ते पाहू. समजा, आपण दहा जणींनी पाच-पाच हजार घालून पिठाची गिरणी टाकली. प्रत्येकीचा त्यात दहावा हिस्सा. हा हिस्सा म्हणजेच शेअर. गिरणी चालली तर नफा वाटून मिळतो, त्याला लाभांश म्हणतात. गिरणी बुडाली तर घातलेले पैसे बुडतात. आणि ती जोरात चालत असेल तर एखादी शेजारीण म्हणेल, "तुझा हिस्सा मला दे, मी सात हजार देते." कंपन्यांच्या अशा हिश्शांची खरेदी-विक्री जिथे होते, तो शेअर बाजार.

आता गोष्ट. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेश, वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरातून जाऊ लागला. मुंबईत पैशाचा पूर आला. रोज नव्या बँका, नव्या कंपन्या निघू लागल्या. समुद्र बुजवून जमीन काढणारी बॅक बे नावाची एक कंपनी होती. तिच्या पाच हजारांच्या शेअरचा भाव पन्नास हजारांच्या घरात गेला. जमीन तर अजून समुद्रातच होती! बँक ऑफ बॉम्बे शेअरचे कागद तारण ठेवून कर्ज देत होती. प्रेमचंद रायचंद हे तेव्हाचे सर्वांत मोठे दलाल. त्यांचा शब्द बाजारात चाले. पुष्कळांनी 'आज सौदा, पैसे १ जुलै १८६५ ला' असे वायदे करून ठेवले होते.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपत आले आणि कापसाचा भाव कोसळला. १ जुलैला पैसे चुकते करायला कोणाकडेच पैसे नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो पुढे ८७ रुपयांवर आला. म्हणजे शंभर रुपयांचे तीन रुपये राहिले. प्रेमचंद स्वतःही बुडाले. तेजीच्या दिवसांत त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून मुंबईचा राजाबाई टॉवर उभा राहिला. त्याला नाव त्यांच्या आईचे आहे.

खेड्यांत काय झाले? तेजीत सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिले होते. भाव पडले, कर्ज तसेच राहिले, वर सरकारने शेतसारा वाढवला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. तो वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. त्याच वर्षी, ९ जुलैला, मुंबईत वडाच्या झाडाखाली जमणाऱ्या दलालांच्या परंपरेतून दलालांची रीतसर संघटना उभी राहिली. आजचा मुंबई शेअर बाजार तो हाच.

या गोष्टीतून आपण काय घ्यायचे? शेअर वाईट नाही. तो हिस्सा आहे. पण ज्या गिरणीत पीठच दळले जात नाही, तिचा हिस्सा 'भाव चढतोय' एवढ्यावर घेऊ नये. कर्ज काढून तर कधीच घेऊ नये. सगळे पैसे एकाच ठिकाणी घालू नयेत. मुलांची फी, दवाखाना, बी-बियाणे यांचा पैसा बाजूला ठेवून, पाच-सात वर्षे लागणार नाही एवढाच पैसा तिथे न्यावा.

आज बाजारावर सेबीची देखरेख आहे. १९९२ च्या कायद्याने तिला अधिकार मिळाले. शेअर आता कागदावर नसतात, डीमॅट खात्यात असतात. ते खाते आपल्या स्वतःच्या नावाचे असावे, वारस नोंदवलेला असावा, आणि ओटीपी घरच्यांनाही सांगू नये. दलाल सेबीकडे नोंदलेला आहे का, हे आधी पाहावे. आणि शेअर बाजारात 'नक्की दुप्पट' असे कोणी म्हटले, की तिथूनच मागे फिरावे. नक्की असे तिथे काहीच नसते.

आमच्या गटाने त्या दिवशी ठरवले: गटाचा पैसा गटातच राहील. ज्या दोघींना शिकायचे आहे, त्या स्वतःच्या बचतीतून थोडे घालतील आणि दर बैठकीत हिशेब सांगतील, नफा झाला तरी आणि तोटा झाला तरी.

तुमच्या गटात असा निरोप आला, तर ही गोष्ट आधी सांगा.