फी, ओडी आणि मार्चअखेर

आमचं आणि भाषेचं कधी जमलंच नाही. बी.कॉम.ला इंग्रजीत काठावर सुटलो. आणि लग्नाला अठरा वर्षं झाली तरी सौ.च्या "काही नाही"चा अर्थ अजून उलगडलेला नाही. तरीही घरखर्चाच्या जुन्या फायली आपोआप पुसल्या जाव्यात म्हणून आम्ही संगणकावर शेल स्क्रिप्ट लिहायला बसलो. शेल म्हणजे आपण टंकलेले हुकूम बजावणारा शिपाई.

पुसायची होती 'मार्च जुना' ही फाइल. पण नावात मोकळी जागा दिसली आणि भोवती अवतरणचिन्हं नसली, की शेल एकाची दोन नावं करतं. पठ्ठ्याने 'मार्च' ही चालू फाइल पुसली आणि 'जुना' सापडत नाही अशी वर तक्रार केली!

"बाबा, भाषा चुकली," चिरंजीव म्हणाले. मग आम्ही भाषांची कुळं धुंडाळली.

बेल लॅब्जच्या स्टीफन बोर्न यांचं शेल १९७९ साली युनिक्सबरोबर बाहेर पडलं. अल्गोल ६८चा संस्कार असा, की 'इफ' उघडला तर तीच अक्षरं उलटी लिहून, म्हणजे 'फी' देऊन सुटायचं. त्या न्यायाने 'डू'ला 'ओडी' हवं. पण फायलीतला मजकूर आकड्यांत दाखवणारा 'ओडी' नावाचा हुकूम आधीच सेवेत कायम होता. म्हणून तिथे 'डन'! ज्येष्ठता काय आमच्याच बँकेत पाहतात?

त्याआधी १९७७ साली रकान्यांच्या कामासाठी 'ऑक' निघाली होती. आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन अशी ही भागीदारी पेढी. पहिलं नाव वाचून घरातूनच हाक आली की काय, म्हणून दचकलो. पुढे अहवाल काढायला ऑक पुरेना, तेव्हा भाषाशास्त्र शिकलेल्या लॅरी वॉल यांनी १९८७ साली 'पर्ल' काढली. एकच काम अनेक तऱ्हांनी करता यावं, हे तिचं ब्रीद. म्हणजे लिहिणाऱ्याची बदली झाली, की मागच्याने कपाळ बडवायचं.

शेवटी ॲम्स्टरडॅमचे गिडो व्हान रॉसम. 'अमीबा' या प्रणालीची देखभाल शेलला झेपेना आणि सी भाषेत वेळ फार जाई. त्यांनी १९८९च्या नाताळच्या सुट्टीत 'पायथन' लिहायला घेतली; १९९१ साली ती बाहेर आली. नाव सापाचं नव्हे, ब्रिटनच्या 'मॉन्टी पायथन' या विनोदी मंडळींचं. आमचा ऊर भरून आला.

तेव्हा चार हुकूम ओळीने सोडायचे तर शेल बरं. हिशेब, अटी आणि मोकळ्या जागांची नावं आली की पायथन. तिथे नाव अखंड राहतं. आणि मुख्य म्हणजे आपल्या खुर्चीवर उद्या येणाऱ्याला ते वाचता यावं.

"अहो, मार्चचा हिशेब कुठाय?" आतून आवाज आला.

"काही नाही," आम्ही म्हणालो.