न झालेल्या गोलांचा मानकरी

भारतीय हॉकीतला सर्वांत थोर खेळाडू कोण, हा वाद आमच्या घरात दुसऱ्या नंबरापासून सुरू व्हायचा. पहिला ध्यानचंद, तिथे तोंड उघडायची कुणाची बिशाद नव्हती. १९३६च्या बर्लिनच्या फायनलमध्ये त्यांनी उत्तरार्धात बूट काढून टाकले आणि जर्मनीवर आठ गोल चढले, ही कथा आजोबा अशी रंगवत, जणू ते बूट यांनीच उचलून ठेवले होते. त्यातले ध्यानचंदांचे गोल कुठल्या नोंदीत तीन आहेत, कुठे सहा. आजोबांचे अर्थातच सहा.

दुसऱ्या जागी थोरले काका बलबीरसिंग सीनियरना बसवत. १९५२, हेलसिंकी, हॉलंडविरुद्धची फायनल, सहापैकी पाच गोल एकट्याचे. "आता बोला!" बाबांचा जीव १९७५च्या क्वालालंपूरवर, रेडिओवर ऐकलेल्या अशोककुमारच्या विजयी गोलावर. आम्हा पोरांचा धनराज पिल्ले. तो खडकीचा, म्हणजे आपला. आणखी काय हवं?

या सगळ्या याद्या गोल मारणाऱ्यांच्या. साहजिक आहे, रंगवून सांगायला गोल सोपा. न झालेल्या गोलाची गोष्ट सांगणारे घरात एकटे आजोबाच. मराठा पलटणीचे पेन्शनर. ध्यानचंदांनंतर ते थेट गोलकीपर शंकर लक्ष्मणचं नाव घेत. महूचा हा पोरगा १९४७ साली फौजेत बँडमध्ये भरती झाला आणि मराठा लाइट इन्फंट्रीतून ऑनररी कॅप्टन होऊन निवृत्त झाला. पलटणीचा अभिमान यात होताच, नाही कशाला म्हणू?

पण आजोबा प्रात्यक्षिकही देत. माजघराच्या दारात गुडघे वाकवून उभे राहायचे, हातात काठी. "इथंच खिळून राहिलास तर सगळा गोल उघडा. दोन पावलं पुढं ये, मग मारणाऱ्याला तूच दिसशील, पाठची जागा नाही." आजी कळशी घेऊन पलीकडे ताटकळलेली. "आधी मला आत येऊ द्या, मग अडवा पाकिस्तानला!"

आणि हिशेब पाहा. १९५६ मेलबर्न, १९६० रोम, १९६४ टोकियो: तिन्ही ऑलिंपिक फायनल पाकिस्तानशी, तिन्हींत गोलात लक्ष्मण, आणि खाल्लेला गोल एकच, रोमचा. त्या एका गोलाने सुवर्ण गेलं. बाकी दोन्ही सामने आपण १-० असेच जिंकलो, म्हणजे तिथेही एक चेंडू निसटला असता तर बरोबरी होती. तेव्हा गोलकीपरला हेल्मेट नव्हतं. १९६६च्या बँकॉक एशियाडला तो कर्णधार होता आणि सुवर्ण आलं.

माझ्या यादीत म्हणूनच लक्ष्मण दुसरा, बलबीर तिसरे. काका असते तर जेवणावरून उठले असते. धाकट्या भावाचं वेगळंच. टोकियोत २०२१ साली जर्मनीविरुद्ध अखेरच्या क्षणांत पेनल्टी कॉर्नर अडवणारा श्रीजेश त्याने डोळ्यांनी पाहिलाय. दोन ब्राँझ त्याच्याकडे आहेत. मी त्याला पाचवा देतो. भाऊ तिसऱ्याच्या खाली उतरायला तयार नाही.