हँबर्गर : एका संशयित खाद्याची कीर्ति

कांहीं पदार्थांचीं नांवें त्यांच्या इतिहासावर प्रकाश टाकतात. कांहींचीं नांवें उलट दिशाभूल करतात. हँबर्गर हा दुसऱ्या वर्गांतील पदार्थ होय. इंग्रजींत 'हॅम' म्हणजे डुकराचें मांस. तेव्हां ह्या पदार्थांत तेंच असावें अशी समजूत सहज होते. वस्तुतः ह्या नांवाचा त्या मांसाशीं कांहींएक संबंध नाहीं. 'हँबर्गर' म्हणजे हँबुर्ग शहराचा. सोलापुरी चादरींतील 'सोलापुरी' जितकें सांगतें तितकेंच हें विशेषण सांगतें. एल्ब नदीच्या कांठचें हें जर्मन बंदर एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेस निघालेल्या लक्षावधि युरोपीय लोकांचें प्रस्थानस्थान होतें. त्याच शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील खाणावळींत 'हँबुर्ग स्टेक' ह्या नांवाचा पदार्थ मिळूं लागला. गोमांसाचा खिमा करून त्याची चपटी वडी भाजावयाची, ती ताटांत वाढावयाची आणि कांट्या-सुरीनें खावयाची, असा तो साधा प्रकार होता.

ही वडी पावाच्या दोन तुकड्यांमध्यें प्रथम कोणीं घातली, ह्याविषयीं अमेरिकेंत मोठी चढाओढ आहे. विस्कॉन्सिन संस्थानांतील सेमूर गांव हा मान आपल्या चार्ली नॅग्रीन ह्यास देतें आणि १८८५ सालच्या जत्रेकडे बोट दाखवितें. मेंचेस बंधूंचे पक्षपाती त्याच वर्षीं न्यूयॉर्क संस्थानांत भरलेल्या जत्रेचा दाखला देतात. कनेक्टिकट संस्थानांतील न्यू हेवन शहर लुई लासेन ह्याचें नांव घेऊन १९०० सालाकडे वळतें, तर टेक्सासमधील अथेन्स गांव फ्लेचर डेव्हिस ह्याचा कैवार घेतें. निर्णायक लेखी पुरावा कोणाच्याच पदरीं नाहीं. परंतु ह्या सर्व कथांचा सूर मात्र एक आहे : ग्राहकाला बसावयास जागा नाहीं, थांबावयास वेळ नाहीं, आणि ताटावांचून हातांत धरून खातां येईल असें कांहीं तरी त्याला पाहिजे. हँबर्गर जन्मला तो मेजवानींत नव्हे, तर रस्त्यावर आणि जत्रेंत.

त्याची पहिली अडचणही तेथेंच सुरू झाली. मांसाचा अखंड तुकडा आपलें वय लपवूं शकत नाहीं. त्याचा रंग, वास आणि तंतु खरेदी करणाऱ्यापुढें उघडे असतात. खिमा झाला म्हणजे ही साक्ष नाहींशी होते. ताजें काय, शिळें काय आणि मिसळलेलें काय, हें विकणाराच जाणे! ह्या संशयाला १९०६ सालीं जबरदस्त पुष्टि मिळाली. त्या वर्षीं अप्टन सिंक्लेअर ह्याची 'द जंगल' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. शिकागोच्या मांस-कारखान्यांत राबणाऱ्या परदेशी मजुरांचे हाल जगापुढें मांडावेत, हा लेखकाचा हेतु. पण वाचकांना मजुरांपेक्षां स्वतःच्या ताटाची चिंता अधिक वाटली. त्याच वर्षींच्या ३० जूनला अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनीं मांसाच्या तपासणीचा आणि शुद्ध अन्न-औषधांचा, असे दोन कायदे मंजूर केले. कायदा झाला, तरी मनांतील किल्मिष लगेच गेलें नाहीं. सुशिक्षित गृहिणीच्या दृष्टीनें खिम्याची वडी ही जत्रेंतल्या गाडीवरचीच चीज राहिली.

हा कलंक धुऊन काढण्याचें काम कॅन्सस संस्थानांतील विचिटा शहरांत झालें. तेथें वॉल्टर अँडरसन नांवाचा आचारी १९१६ पासून हँबर्गर विकीत असे. १९२१ सालीं एडगर इंग्रॅम हा व्यवहारी गृहस्थ त्याचा भागीदार झाला आणि दोघांनीं 'व्हाइट कॅसल', म्हणजे शुभ्र किल्ला, ह्या नांवाचें दुकान काढलें. शुभ्र हा शब्द स्वच्छतेचा आणि किल्ला हा शब्द भक्कमपणाचा. भिंती पांढऱ्या, नोकरांचा वेष पांढरा, आणि तवा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर! किंमत पांच सेंट. ज्या पदार्थाचें अंतरंग दिसत नाहीं त्याचें स्वयंपाकघर तरी दिसावें, ही ह्या युक्तीमागील खरी बुद्धि होती. इंग्रॅमनें एवढ्यावरही समाधान मानलें नाहीं. १९३० च्या सुमारास त्यानें मिनेसोटा विद्यापीठांतील एका शास्त्रज्ञाकडून प्रयोग करवून घेतला. एक विद्यार्थी १३ आठवडे केवळ हँबर्गर आणि पाणी ह्यांवर राहिला आणि त्याची प्रकृति उत्तम असल्याचा निर्वाळा मिळाला. प्रयोगाचा खर्च दुकानदाराचा आणि निष्कर्षाची जाहिरातही दुकानदाराचीच, हें ध्यानांत ठेवलेलें बरें. परंतु विश्वास मिळविण्यासाठीं विज्ञानाला साक्षीस बोलाविण्याची ही रीति पुढें फार रूढ झाली.

गृहिणीचा विश्वास संपादन होत असतांनाच हा पदार्थ विनोदाच्या राज्यांतही शिरला. ई. सी. सेगर ह्या व्यंगचित्रकाराच्या 'पॉपाय' प्रसिद्ध करणाऱ्या चित्रमालिकेंत १९३१ सालीं विंपी नांवाचें पात्र आलें. हा विंपी लठ्ठ, मिठास बोलणारा आणि उधारीवर हँबर्गर मागणारा; पैसे मात्र पुढच्या मंगळवारीं देण्याचें वचन! तो महामंदीचा काळ होता. कामधंदा गेलेल्या माणसांच्या देशांत, सर्वांत स्वस्त अन्नही उधार मागावें लागणारा हा सभ्य गृहस्थ लोकांना आपलासा वाटला ह्यांत नवल नाहीं. त्याचेंच नांव घेऊन अमेरिकेंत उपाहारगृहें निघालीं आणि १९५४ सालीं लंडनच्या लायन्स कंपनीनें तें नांव इंग्लंडांत नेलें.

ह्यानंतरची क्रांति स्वयंपाकाची नसून यंत्राची होय. कॅलिफोर्नियांतील सॅन बर्नार्डिनो येथें रिचर्ड आणि मॉरिस मॅक्डॉनल्ड ह्या बंधूंचें उपाहारगृह १९४० पासून चालत होतें. १९४८ सालीं त्यांनीं तें कांहीं महिने बंद ठेवलें, वाढणारे नोकर काढून टाकले, पदार्थांची यादी आखडून नऊवर आणली आणि कारखान्यांतील कामाप्रमाणें प्रत्येक नोकरास एकच काम नेमून दिलें. हँबर्गरची किंमत १५ सेंट ठरली. १९५५ सालीं रे क्रॉक ह्यानें त्यांच्या परवान्यावर इलिनॉय संस्थानांत दुकान उघडलें आणि १९६१ सालीं २७ लाख डॉलर देऊन बंधूंचा सर्व हक्क विकत घेतला. येथें विश्वासाचें स्वरूपच पालटलें. पूर्वी गिऱ्हाइक आचाऱ्याकडे पाहून विश्वास ठेवी. आतां तो प्रत्येक गांवीं तीच चव मिळते म्हणून विश्वास ठेवूं लागला.

जें अन्न सर्वांच्या हातांत आलें तें सर्वांच्या ओठांवरही आलें. चक बेरी ह्या कृष्णवर्णीय गायकाचें 'बॅक इन द यू. एस. ए.' हें गाणें १९५९ सालीं निघालें. परदेशांतून घरीं परतण्याच्या आनंदाच्या त्या गाण्यांत, उंच इमारतींबरोबरच रात्रंदिवस तव्यावर चुरचुरणाऱ्या हँबर्गरचीही आठवण आहे. त्या आनंदाला एक कडवट किनार होती. १९६० सालच्या १ फेब्रुवारीला नॉर्थ कॅरोलायनांतील ग्रीन्सबरो येथें चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका दुकानांतील उपाहाराच्या फळीपाशीं बसले, तेव्हां त्यांना वाढण्याचें नाकारण्यांत आलें आणि त्यांतून बैठा सत्याग्रह देशभर पसरला. गाण्यांत जें अन्न सर्वांचें होतें, तें मिळण्याच्या जागीं सर्वांना बसतां येत नव्हतें. पुढें १९७८ सालीं जिमी बफे ह्याचें 'चीजबर्गर इन पॅरडाइस' हें गाणें लोकप्रिय झालें. त्यांत मांसाहार सोडूं पाहणाऱ्या माणसाच्या मोडलेल्या निश्चयाचा विनोद आहे.

कलावंतांची दृष्टि मात्र अधिक तिरकस होती. क्लेस ओल्डेनबर्ग ह्यानें १९६२ सालीं कॅनव्हासचा, आंत फोमरबर भरलेला, माणसाहून मोठा हँबर्गर शिवून जमिनीवर ठेवला. टोरोंटोच्या कलासंग्रहालयानें १९६७ सालीं तो विकत घेतला, तेव्हां कलाशाळेंतील विद्यार्थ्यांनीं टोमॅटो सॉसची प्रचंड बाटली करून निषेधार्थ संग्रहालयापुढें आणली. अर्थशास्त्रज्ञही मागें राहिले नाहींत. १९८६ सालीं लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकानें 'बिग मॅक' ह्या हँबर्गरच्या निरनिराळ्या देशांतील किंमतींवरून चलनांची खरी किंमत अजमावण्यास प्रारंभ केला. सर्वत्र सारखी असलेली वस्तु म्हणून ती त्यांना मापासारखी वापरतां आली.

तथापि सर्वत्र सारखी असणारी ही वस्तु भारतांत येतांना बदलली. १९९६ सालीं मॅक्डॉनल्डचीं दुकानें दिल्ली आणि मुंबई येथें उघडलीं, त्यांत गोमांस नव्हतें आणि डुकराचें मांसही नव्हतें; बिग मॅकच्या जागीं बकऱ्याच्या मांसाचा 'महाराजा मॅक' होता, आणि शाकाहारी पदार्थ वेगळे शिजविण्याची व्यवस्था होती. ज्या गोमांसावरून हा पदार्थ घडला तेंच वगळून त्याचें नांव, आकार आणि पाव एवढेंच येथें आलें. येथेंही प्रश्न चवीच्या आधीं विश्वासाचाच होता : आंत काय आहे?

हा प्रश्न निव्वळ भावनेचा नव्हे. १९९३ सालीं अमेरिकेच्या पश्चिम भागांत एका साखळी-उपाहारगृहांतील अर्धवट शिजलेल्या हँबर्गरमुळें ७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलें दगावलीं. जनावराच्या आंतड्यांतील जंतु अखंड मांसाच्या पृष्ठभागावरच राहतात व आंचेनें मरतात. खिमा करतांना मात्र ते वडीच्या अंतर्भागांत मिसळतात. १९९४ सालीं अमेरिकन सरकारनें खिम्यांतील त्या जंतूला कायद्यानें भेसळ ठरविलें. १९०६ सालीं वाचकांच्या मनांत असलेली शंका ८७ वर्षांनंतरही निराधार नव्हती, हेंच ह्या घटनेनें सिद्ध झालें.

२०१३ सालच्या ऑगस्टमध्यें लंडन येथें मार्क पोस्ट ह्या डच शास्त्रज्ञानें गाईच्या पेशी प्रयोगशाळेंत वाढवून केलेला हँबर्गर लोकांसमोर शिजवून चाखविला. त्यास अडीच लाख युरो खर्च आला होता. विचिटांतील पांच सेंटांच्या वडीपासून हा प्रवास फार लांबचा खरा. परंतु तेथेंही तवा डोळ्यांसमोरच होता, आणि पाहणाऱ्यांचा प्रश्नही तोच होता. पांढऱ्या भिंती, शास्त्रज्ञांचे दाखले, गाणीं आणि चित्रें ह्यांनीं हँबर्गरला कीर्ति दिली. विश्वास मात्र त्याला प्रत्येक पिढींत नव्यानें मिळवावा लागला आहे. जें अन्न दुसऱ्याच्या हातून आणि झांकलेल्या रूपांत येतें, त्या प्रत्येक अन्नाचा हाच इतिहास आहे.