थीम पार्कमधल्या मिकी माऊसचे कपडे कोण धुतं? कपडेपटात राबणाऱ्या विद्यार्थ्यांचं जग

डिसेंबर-जानेवारी आला की गावोगावच्या शाळांत गॅदरिंगची धांदल सुरू होते. शिरूर तालुक्यातल्या, घोड नदीकाठच्या इनामगावापासून पुण्या-मुंबईपर्यंत चित्र साधारण सारखंच. आदल्या दिवशी ड्रेपरीवाल्याकडून गाठोडं येतं. मावळ्याच्या अंगरख्याची नाडी तुटलेली असते. जिरेटोप डोक्यापेक्षा मोठा निघतो, मग आत वर्तमानपत्राचा बोळा कोंबायचा. नऊवारी नेसवायला बाई एक आणि मुली बारा. या सगळ्यात एखादी नववीतली मुलगी तोंडात सेफ्टी पिना धरून एकेकाला तयार करत असते. कार्यक्रम संपल्यावर कपडे मोजून, घडी करून परत करायचे तेही तिनेच. स्टेजवर ती कुठेच दिसत नाही.

हेच काम रोज, शेकडो माणसांसाठी, वर्षभर करायचं असेल तर? थीम पार्कच्या कॉस्च्युमिंग विभागाचं काम नेमकं हे आहे. अमेरिकेत ते करणाऱ्यांमध्ये कॉलेजचे विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात.

मराठी रंगभूमीकडे या विभागासाठी जुना आणि चपखल शब्द आहे: कपडेपट. रंगपटात चेहरे रंगतात, कपडेपटात कपडे सांभाळले जातात. वेशभूषाकार आणि कपडेपट यांत मात्र फरक आहे. कपडा कसा दिसावा हे वेशभूषाकार ठरवतो. तो कपडा रोज धुतलेला, टाके घातलेला, योग्य मापाचा आणि वेळेवर हातात पडेल हे कपडेपट बघतो. नाव पहिल्याचं होतं आणि खेळ दुसऱ्यावर चालतो, असं म्हटलं तर फार चुकायचं नाही.

उसन्या कपड्यांपासून सुरुवात

कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी सुरू झालं. आज ज्यांच्या कपड्यांची इतकी बडदास्त ठेवली जाते त्या मिकी-मिनीचे पहिले पोशाख चक्क उसने होते. 'आइस केपेड्स' नावाच्या बर्फावरच्या नृत्याच्या कंपनीकडून ते आणले होते. जुन्या फोटोंतला मिकी बघितला तर लहान मुलं घाबरून का रडत असतील ते कळतं. पुढे पात्रांचे पोशाख नव्याने घडवले गेले.

डिस्नेने एक शब्दसंग्रहही रुजवला. तिथे कर्मचाऱ्याला 'कास्ट मेंबर' म्हणतात आणि त्याच्या गणवेशाला 'कॉस्च्युम'. पाहुण्यांना दिसणारी जागा 'ऑनस्टेज', न दिसणारी 'बॅकस्टेज'. झाडू मारणारा, पॉपकॉर्न विकणारा, पाळण्याचं बटण दाबणारा असे सगळेच नाटकातले नट. म्हणजे सगळ्यांनाच कपडेपट लागणार.

वॉल्ट डिस्ने यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. डिस्नेलँडच्या भविष्यकाळ दाखवणाऱ्या भागातून एक काउबॉय चालत जाताना त्यांना दिसला. बिचारा ड्यूटी संपवून निघाला होता, पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढचं चित्र मोडलं. म्हणून १९७१ मध्ये फ्लोरिडात मॅजिक किंग्डम उभं राहिलं तेव्हा खाली बोगद्यांचं जाळं बांधलं गेलं. गंमत अशी की हे बोगदे खरं तर जमिनीच्या पातळीवर आहेत. खालचं पाणी वर असल्याने खोदता आलं नाही, म्हणून उद्यानच त्यांच्या डोक्यावर चढवलं. सुरुवातीच्या काळात कपडेपटही या बोगद्यांतच होता.

एका पाळीत विद्यार्थी काय काय करतो?

'डिस्ने कॉलेज प्रोग्रॅम' १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. विद्यार्थी काही महिने उद्यानात पगारी काम करतात आणि कंपनीने लावून दिलेल्या घरात राहतात. भाडं पगारातून कापलं जातं. कोणी हॉटेलात लागतं, कोणी राइडवर, कोणी दुकानात, तर कोणी कपडेपटात. अमेरिकेबाहेरचे विद्यार्थी अशा कार्यक्रमांना सहसा जे-१ व्हिसावर जातात. तो देवाणघेवाणीचा व्हिसा आहे, कायमच्या नोकरीचा नाही, हे आधीच लक्षात ठेवलेलं बरं.

कपडेपट म्हटल्यावर शिवणयंत्र डोळ्यांपुढे येतं. नवख्या विद्यार्थ्याच्या वाट्याला मात्र शिलाई कमी आणि मोजदाद जास्त येते. कपड्यांवर कोड असतो. कोणता कपडा कोणाला दिला, परत आला का, धुवायला गेला का, दुरुस्तीत अडकला का, याची नोंद ठेवावी लागते. सकाळी उद्यान उघडायच्या आधी रांग लागते. एकाला पँट कमरेत घट्ट होते, दुसरीला बाह्या लांब पडतात, तिसरा कालचा शर्ट विसरून आलेला असतो. प्रत्येक विभागाचा पोशाख वेगळा असल्याने इथला शर्ट तिथे चालत नाही. आणि रांगेतल्या प्रत्येकाला दहा मिनिटांत कामावर पोचायचं असतं.

मग आलेल्या कपड्यांची छाननी. बटण गेलं, चेन अडकली, काखेत उसवलं, वेल्क्रोत धागे अडकले, असे कपडे बाजूला काढायचे. छोटी कामं तिथल्या तिथे होतात, मोठी शिंप्याकडे जातात. परेड किंवा नाटुकल्यांसाठी 'ड्रेसर' लागतात. दोन प्रवेशांमध्ये नटाला मिनिटभरात कपडे बदलून द्यायचे. त्यासाठी काज-बटणांऐवजी चाप किंवा वेल्क्रो आधीच लावून ठेवायचं आणि कपडे उलट्या क्रमाने मांडायचे, म्हणजे शेवटी घालायचा तो सगळ्यांत खाली. संगीत नाटकांच्या दौऱ्यांत कपडेपट सांभाळणाऱ्यांना हे सगळं सांगायची गरज पडली नसती.

सर्वांत किचकट प्रकार म्हणजे फरचे पोशाख. अंगावरचा भाग धुता येतो, पण फोम आणि आतल्या सांगाड्याचं डोकं मशीनमध्ये टाकता येत नाही. ते आतून पुसायचं, जंतुनाशक फवारायचं आणि पंख्यापुढे पूर्ण वाळवायचं. ओलसर राहिलं की बुरशी आलीच. पाश्चात्त्य रंगभूमीवर धुता न येणाऱ्या जरीच्या कपड्यांवर पाणी घातलेली व्होडका फवारायचा जुना उपाय आहे. अल्कोहोल उडून जातं आणि घामाचा वास घालवतं.

या विभागात गुप्तताही पाळावी लागते. मिकी माऊस 'एकच' आहे, हा भ्रम जपायचा असतो. त्यामुळे पात्राच्या पोशाखात शिरणारे लोक 'मी मिकीचा मित्र आहे' असं बोलतात. बॅकस्टेजचे फोटो सोशल मीडियावर टाकायला बंदी आहे. हँगरवर लटकलेलं गूफीचं मुंडकं कितीही व्हायरल होण्यासारखं असलं तरी त्यापायी नोकरी जाऊ शकते.

भांडण झालं ते अंतर्वस्त्रांवरून

कपडेपटाचं काम हलकं समजण्याची खोड सगळीकडे आहे. ते किती गंभीर आहे हे २००१ मध्ये फ्लोरिडात दिसलं.

वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये पात्रं करणाऱ्यांना पोशाखाच्या आत घालायचे घट्ट कपडेही कंपनीच द्यायची. साधी अंतर्वस्त्रं आत गोळा होतात आणि बाहेरून दिसतात, म्हणून ही व्यवस्था होती. रोज पाळी संपली की हे कपडे परत करायचे, ते एकत्र धुतले जायचे आणि दुसऱ्या दिवशी कोणाचे कोणाला मिळतील याचा नेम नसायचा. ते गरम पाण्यात नीट धुतले जात नाहीत, डाग आणि वास तसाच राहतो, काहींना उवा आणि खरूज झाली, अशा तक्रारी कर्मचाऱ्यांनी केल्या. त्यांच्या टीमस्टर्स युनियनने हा मुद्दा थेट कराराच्या वाटाघाटीत मांडला. जून २००१ मध्ये तोडगा निघाला. प्रत्येकाला स्वतःची वेगळी अंतर्वस्त्रं मिळाली आणि ती घरी नेऊन धुण्याची मुभाही.

जगभरच्या वृत्तपत्रांनी ही बातमी विनोदी मथळ्यांखाली छापली. पण ज्याला दुसऱ्याची न धुतलेली चड्डी घालून दिवसभर मुलांना मिठ्या मारायच्या होत्या, त्याच्यासाठी त्यात विनोद नव्हता.

धुण्याइतकाच वजनाचा आणि उष्णतेचा प्रश्न आहे. जपानमध्ये टोकियो डिस्नेलँड चालवणाऱ्या कंपनीविरुद्ध २०१८ मध्ये दोन महिला कर्मचारी न्यायालयात गेल्या. त्या पात्रांचे पोशाख घालत. एकीचं म्हणणं होतं की सुमारे १० किलोचा पोशाख घालून सतत हात हलवल्यामुळे खांदा आणि हाताच्या नसा दुखावल्या. हा आजार कामामुळेच झाल्याचं त्याआधी सरकारी पातळीवर मान्य झालं होतं.

ओसाकाजवळच्या हिराकाता पार्कमध्ये जुलै २०१९ मध्ये तर जीव गेला. अर्धवेळ काम करणारा २८ वर्षांचा तरुण, संध्याकाळी उद्यान बंद झाल्यावर, साधारण १६ किलोचा पोशाख घालून नाचाची तालीम करत होता. उष्माघाताने तो कोसळला आणि वाचला नाही. सूर्य मावळलेला होता. आतली उष्णता मात्र बाहेर पडत नव्हती. फर आणि फोम घाम सुकू देत नाहीत, आणि घाम सुकणं ही शरीर थंड ठेवायची मुख्य सोय आहे.

म्हणूनच चांगल्या उद्यानांत पात्राची फेरी अर्ध्या तासाच्या आसपास ठेवतात आणि उन्हाळ्यात आणखी कमी करतात. सोबत एक मदतनीस असतो, कारण डोक्यातल्या जाळीतून समोरचंच जेमतेम दिसतं, पायाजवळचं मूल दिसत नाही. फ्लोरिडात फेब्रुवारी २००४ मध्ये प्लूटोच्या वेशातला कर्मचारी परेडच्या रथाखाली सापडून गेला. पाळी संपल्यावर डोकं उतरवून देणारा आणि 'चक्कर येतेय का' असं विचारणारा पहिला माणूस अनेकदा कपडेपटातला असतो. तो विशीतला विद्यार्थी असेल तर त्याला हे विचारायला शिकवलेलं असायला हवं.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात मोठ्या मनोरंजन उद्यानांचा इतिहास १९८९ मध्ये गोराईच्या एस्सेलवर्ल्डपासून सुरू होतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाजवळ खोपोलीचं इमॅजिका एप्रिल २०१३ मध्ये उघडलं. तिथला टब्बी नावाचा हत्ती हे उद्यानाचं स्वतःचं पात्र आहे. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत हत्तीच्या पोशाखात उभं राहणं म्हणजे काय, याची कल्पना वरच्या प्रकारांवरून येईल.

पण शेकडो माणसांना एकदम सजवण्याचा महाराष्ट्राचा अनुभव उद्यानांपेक्षा जुना आहे. बाबासाहेब पुरंदरे यांचं 'जाणता राजा' १९८५ मध्ये रंगमंचावर आलं. २०० हून अधिक कलाकार, घोडे, हत्ती, आणि प्रयोग ज्या शहरात त्या शहरातली स्थानिक मंडळी. म्हणजे नव्या अंगांना जुने कपडे बसवण्याची कसरत गावोगाव. तमाशाच्या फडांचं तेच. जत्रेच्या हंगामात मुक्काम बदलत राहतात आणि पेट्या ट्रकमधून पुढच्या गावी जातात. इनामगावाशेजारच्या दौंड तालुक्यात चौफुला लावणीच्या कला केंद्रांसाठी ओळखलं जातं. तिथल्या नऊवाऱ्या, शेले आणि घुंगरांची निगा राखणं हेही कपडेपटाचंच काम, त्याला कोणी कॉस्च्युमिंग म्हणत नाही इतकंच.

शिकायच्या जागा आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, कापडाच्या अंगाने जायचं तर निफ्टची मुंबई शाखा. त्याहून स्वस्त शाळा म्हणजे कॉलेजची एकांकिका. पुण्यात १९६३ पासून होणाऱ्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांत विद्यार्थीच कपडे जमवतात, आल्टर करतात, धुतात आणि हरवल्यावर बोलणीही खातात. भारताला पहिलं ऑस्कर मिळालं तेही वेशभूषेसाठीच. कोल्हापूरच्या भानू अथैया, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी, यांना 'गांधी' चित्रपटासाठी ते १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासोबत मिळालं.

ऐतिहासिक उद्यानांत आणखी एक काम वाढतं, ते म्हणजे शोधाचं. पुण्यात आंबेगावला शिवसृष्टीचा पहिला टप्पा १९ फेब्रुवारी २०२३ रोजी खुला झाला. अशा जागी कोणी पोशाख करून उभं राहायचं असेल तर सतराव्या शतकातली चित्रं आणि वस्तू तरी हाताशी आहेत. त्याहून मागे गेलं की कपडेपटाचे हाल होतात.

समजा इनामगावातच तिथल्या सर्वांत जुन्या गावकऱ्यांचं उद्यान उभारायचं ठरलं. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं आणि इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. त्या कामावरही पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांचे हात होतेच. घरं, चुली, धान्य, मडकी, दफनं सापडली. त्यामुळे झोपडी कशी बांधायची ते सांगता येतं, जेवणात काय वाढायचं तेही. पण शिंप्याला माप काय द्यायचं? मातीच्या पेटीत बैलासोबत मिळालेली प्रसिद्ध देवीची मूर्ती बिनडोक्याची आहे आणि तिच्या अंगावर वस्त्र नाही. मणी मिळतात, म्हणून दागिने करता येतील. कापडासाठी नेवाशापर्यंत जावं लागतं. त्याच ताम्रपाषाण युगातल्या एका लहान मुलाच्या गळ्यातली तांब्याच्या मण्यांची माळ तिथे सापडली, आणि तांब्याच्या गंजामुळे तिच्यातला सूत-रेशमाचा धागा टिकून राहिला होता. मुंडासं गोल बांधायचं की तिरपं, ते त्या धाग्यावरून ठरत नाही.