अजिंठ्याच्या प्रतिकृती आणि मोजके रंग

अजिंठ्याच्या चित्रकारांकडे मूळ रंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ आणि चुन्यासारखे पांढरे. नंतरच्या लेण्यांत त्यांत लाजवर्दाचा निळा मिळाला. रंगच मिळत नव्हते म्हणून चित्रे अशी झाली, हे स्पष्टीकरण मला पटत नाही. लाजवर्द हिंदुकुशातल्या बदख्शानच्या खाणींतला. तो मागवू शकणारे लोक अगतिक नव्हते. तरीही माणसाची कांती त्यांनी मातीच्या रंगांतूनच उभी केली. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहा. गालाच्या कडेला तपकिरी गडद होतो, नाकाच्या दांड्यावर फिकट उजळ पट्टी येते, भुवई आणि ओठ रेषेने बांधले जातात. प्रकाश एका बाजूने येत नाही, अंगाची सावली कुठे पडत नाही. गोलाई येते ती एकाच रंगाच्या चढउतारातून. मोजके रंग ही या चित्राची बांधणीच आहे.

म्हणून प्रतिकृती करणाऱ्याने रेषेइतकेच रंगांचे बंधनही पाळायला हवे. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांकडून प्रतिकृती करवून घेतल्या; पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. ते काम अफाट कष्टाचे होते, पण माध्यम होते कॅनव्हासवरचे तैलरंग. मातीच्या गिलाव्यावरचा कोरडा, मंद पृष्ठभाग तेलाच्या चकाकीत हरवतो आणि आकृती रेषेपेक्षा छायेवर तोलली जाते. कुणी म्हणेल, मुंबईहून लंडनला पाठवायच्या चित्रांना कॅनव्हासच सोयीचा होता, आणि भिंतीवरून पुढे झडून गेलेले तपशील याच प्रतींत उरले. हे दोन्ही खरे आहे, त्या मुलांचे ऋण मोठे आहे. पण नोंद म्हणून मोलाची असलेली प्रत चित्र म्हणूनही खरी उतरतेच असे नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: धूर आणि नंतर चढवलेल्या व्हार्निशने भिंती पिवळ्या-काळ्या पडल्या, मग मूळ रंग कोणता मानायचा? डोळ्यांना दिसणारी छटा फसवी असेल, पण रासायनिक तपासणीत खनिजे ओळखू येतात, आणि तोच सर्वांत भक्कम पुरावा आहे.

तेव्हा आजच्या कलाशाळांनी छायाचित्रावरून ट्यूबच्या रंगांत पद्मपाणी काढून घेण्याऐवजी मुलांपुढे मातीचा गिलावा, गेरू, पिवळी माती, काजळ आणि चुना ठेवावा.