लाकडी ठशांतील सामुराई : चित्र कोणत्या काळाचा पुरावा?

जपानमध्ये १६०३ ते १८६८ या काळात तोकुगावा घराण्यातील शोगुनांची सत्ता होती. शिमाबाराचे बंड (१६३७-३८) मोडल्यानंतर दोन शतके देशात मोठे युद्ध झाले नाही. सामुराई कमरेला दोन तलवारी लावत. पण त्यांतील अनेकांचे रोजचे काम दफ्तर सांभाळण्याचे होते. तरीही रणात झुंजणाऱ्या योद्ध्यांची छापचित्रे याच शांततेत लोकप्रिय झाली.

या चित्रांना ‘मुशा-ए’ म्हणजे योद्धाचित्रे म्हणतात. चित्रकार रेखाटन करी, कोरणारा ते चेरीच्या लाकडावर उतरवी आणि छापणारा रंगांनुसार वेगवेगळे ठसे वापरी. पैसा प्रकाशकाचा असे. एदो (आजचे टोकियो) शहरातील व्यापारी व कारागीर हे या चित्रांचे मोठे गिऱ्हाईक होते. म्हणजे सामुराईची ही प्रतिमा बव्हंशी सामुराई नसलेल्यांच्या बाजारासाठी घडली.

शासनाला या बाजाराची धास्ती होती. तोयोतोमी हिदेयोशी या सेनानीची चित्रे काढल्याबद्दल १८०४ मध्ये उतामारो या चित्रकाराच्या हातांत ५० दिवस बेड्या घालण्यात आल्या. १५७३ नंतरच्या योद्ध्यांची खरी नावे छापण्यास बंदी आली. चित्रकारांनी यातून वाट काढली. स्वामीच्या मृत्यूचा सूड घेणाऱ्या ४७ रोनिनांची (धनी नसलेल्या सामुराईंची) घटना १७०१ ते १७०३ मधली. १७४८ च्या नाटकाने ती चौदाव्या शतकात नेऊन ठेवली होती. कुनियोशी याने १८४७-४८ मधील आपल्या चित्रमालेत हाच आडपडदा घेतला. ओइशी कुरानोसुके तेथे ओबोशी युरानोसुके झाला. नाव बदलले तरी पाहणाऱ्याला माणूस कळत असे.

कुनियोशीचा शिष्य योशितोशी याने १८६८ मध्ये एदोतील उएनोच्या लढाईनंतर जखमी, रक्ताने माखलेले योद्धे चित्रित केले. नावे जुन्या वीरांची होती, जखमा मात्र ताज्या युद्धाच्या होत्या. १८७६ मध्ये तर तलवार बाळगण्यावरच बंदी आली.

म्हणून या चित्रांवरून सोळाव्या शतकातील रणांगणाविषयी थेट निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. चित्र हाती आले की तीन प्रश्न विचारावेत : चित्रात कोण आहे? ते केव्हा छापले? त्या वेळी काय छापण्यास मनाई होती? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आख्यायिका सांगते. इतिहास बहुधा उरलेल्या दोन उत्तरांत सापडतो.